आयसीयूतली साखर : किती असावी आणि आपण काय करावे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात, आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून येथे छापत आहोत.)



यंदा उत्सवात आरोग्यावर एक भाषण ठेवायचे समितीने ठरवले आणि सचिवांनी माझे नाव सुचवले. मी म्हटले, "अहो, मी सिग्नलवाला माणूस. डिप्लोमा करून ज्युनियर इंजिनियर म्हणून रेल्वेत लागलो, आता सिनियर सेक्शन इंजिनियर आहे. रिले, पॉइंट मशीन आणि केबल यांपलीकडे मला काय कळणार?" त्यावर ते म्हणाले, "डॉक्टर सांगतात ते घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात शिरत नाही. आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्याला समजेल असे तुम्ही सांगा." गेल्या वर्षी माझे वडील आयसीयूत होते, तेव्हापासून कॉलनीतले बरेच जण मला फोन करून विचारतात, म्हणून हे काम माझ्याकडे आले. बोलण्याआधी मी सगळा मजकूर रेल्वे हॉस्पिटलमधल्या आपल्या डॉक्टरसाहेबांकडून तपासून घेतला आहे. तरीही हे भाषण म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे, हे आधीच सांगतो.

मधुमेहावर सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. मेथीपासून जांभळाच्या बियांपर्यंत सगळे उपाय आपल्याला पाठ आहेत. तो विषय मी घेणार नाही. माझा विषय एवढाच की, माणूस अत्यवस्थ होऊन अतिदक्षता विभागात गेला की त्याच्या रक्तातल्या साखरेचे काय होते, डॉक्टर ती किती ठेवतात, आणि बाहेर बसलेल्या आपण नेमके काय करायचे. हा प्रश्न मधुमेह नसलेल्यांचाही आहे, हे पुढे कळेलच.

सुरुवातीला एक छोटा हिशोब. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. साखर १०० आहे असे आपण म्हणतो, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम. पाच लिटरचा हिशोब केला तर होतात पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा! सगळ्या रक्तात मिळून एका वेळी एक चमचा साखर फिरत असते. ती दोन चमचे झाली की आकडा २००, आणि अर्धा चमचा उरली की ५०, म्हणजे जिवाला धोका. पाच टक्के ग्लुकोजची अर्ध्या लिटरची सलाईनची बाटली असते, तिच्यात २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे ग्लुकोज असते. एवढ्या बारीक तराजूवर शरीर रात्रंदिवस तोल सांभाळत असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मोठे आजारपण आले की हा तोल बिघडतो. न्यूमोनिया असो, अपघात असो, मोठे ऑपरेशन असो, नाहीतर रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असो, शरीराला ते संकटच वाटते. मग ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन अशी संकटकाळची संप्रेरके वाढतात. ती यकृताला सांगतात, कोठार उघड, साखर बाहेर काढ. त्याच वेळी स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. भरीस भर म्हणून स्टेरॉइड, ग्लुकोजचे सलाईन, नळीतून दिलेले अन्न हे सगळे असतेच. त्यामुळे ज्याला जन्मात मधुमेह नव्हता त्याचीही साखर २०० च्या पुढे जाऊ शकते. "आमच्या बाबांना कधीच शुगर नव्हती, इथेच आणून लावली," असे म्हणत कुणी सिस्टरवर चिडले तर त्यांना हे समजावून सांगावे.

२०२०-२१ च्या कोविडमध्ये आपण हे सर्वांनी पाहिले. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत २०२० साली दिसले की, ऑक्सिजनवर गेलेल्या रुग्णांचे प्राण डेक्सामेथॅसोन या स्टेरॉइडने वाचतात. औषध खरेच गुणकारी, पण साखर वाढवणारे. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेनंतर आपल्या देशात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्यांच्यात मधुमेह आणि स्टेरॉइड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसत होती.

म्हणजे वाढलेली साखर निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, जखमा भरायला वेळ लागतो. साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून बाहेर पडू लागते आणि जाताना पाणीही ओढून नेते. मग साहजिकच मनात येते की, इन्सुलिन देऊन ती सरळ १०० वर का आणत नाहीत? पैसे भरतोय, यंत्रे आहेत, डॉक्टर आहेत, मग १७० वर समाधान का मानायचे? दाराबाहेर सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि गंमत म्हणजे जगभरच्या डॉक्टरांनीही तो विचारला होता.

बेल्जियममध्ये ल्यूव्हेन नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथल्या डॉ. ग्रीट व्हॅन डेन बर्ग यांनी ऑपरेशननंतर आयसीयूत आलेल्या १५४८ रुग्णांवर एक अभ्यास केला. निम्म्यांची साखर ८० ते ११० मध्ये घट्ट धरून ठेवली. उरलेल्यांना २१५ च्या वर गेल्याशिवाय इन्सुलिन दिले नाही. २००१ साली निकाल आला. सैल गटात आयसीयूत शेकडा ८ रुग्ण दगावले, घट्ट गटात ४.६. जगभर खळबळ उडाली. पुष्कळ आयसीयूंनी ही पद्धत उचलली.

पण एका ठिकाणी जमले ते सगळीकडे जमेलच असे नाही, हे आपल्या खात्यातही आपण अनुभवतो. त्याच डॉक्टरांनी २००६ मध्ये ऑपरेशन न झालेल्या, इतर आजारांच्या १२०० रुग्णांवर तोच प्रयोग केला, तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही. जर्मनीत जंतुसंसर्गाच्या रुग्णांवरचा अभ्यास तर मध्येच थांबवावा लागला, कारण साखर फारच खाली जात होती. त्यानंतर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिकेतल्या ४२ रुग्णालयांनी मिळून ६१०४ रुग्णांचा 'नाइस-शुगर' नावाचा अभ्यास केला. त्याचा निकाल २००९ साली जाहीर झाला. साखर ८१ ते १०८ ठेवलेल्या गटात ९० दिवसांत शेकडा २७.५ रुग्ण दगावले. १८० पर्यंत चालू दिलेल्या गटात २४.९. हजार रुग्णांमागे २६ जास्तीचे मृत्यू, आणि तेही कडक नियंत्रणाच्या बाजूला! साखर ४० किंवा त्याखाली जाण्याचे प्रमाण घट्ट गटात शेकडा ६.८ होते, दुसऱ्या गटात अवघे ०.५.

यानंतर अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञांच्या संस्थांनी २००९ मध्येच एकत्र येऊन सांगितले की, साखर १८० च्या वर टिकून राहिली तर इन्सुलिन सुरू करावे आणि आयसीयूतल्या बहुतेक रुग्णांची साखर १४० ते १८० च्या दरम्यान ठेवावी. आजही बहुतेक ठिकाणी हाच पट्टा धरतात. काही निवडक रुग्णांत, साखर खाली घसरणार नाही याची खात्री असेल तर, डॉक्टर त्याहून थोडी कमीही ठेवतात. २०२३ साली बेल्जियमच्या त्याच गटाने पुन्हा ९२३० रुग्णांवर अभ्यास केला. या वेळी इन्सुलिनचा डोस संगणकाच्या हिशोबाने ठरत होता, त्यामुळे साखर फार खाली गेली नाही. तरीसुद्धा ८० ते ११० मध्ये धरलेले रुग्ण लवकर बाहेर पडले किंवा जास्त वाचले, असे काही दिसले नाही.

आता माझ्या भाषेत सांगतो. सिग्नल खात्यात आम्ही पहिल्या दिवसापासून एकच मंत्र शिकतो, 'फेल-सेफ'. रुळावर गाडी नाही, सगळे ठीक आहे, तेव्हाच ट्रॅक रिलेला वीज मिळते आणि तो उचललेला राहतो. तार तुटली, बॅटरी उतरली, रूळ मोडला, काहीही झाले तरी रिले स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. गाडीला उशीर होईल, प्रवासी आम्हाला नावे ठेवतील, पण टक्कर होणार नाही. बिघाड होणारच हे गृहीत धरायचे आणि तो सुरक्षित बाजूला व्हावा अशी रचना करायची.

आयसीयूतला १४० ते १८० हा पट्टा मला तसाच वाटतो. साखर काही तास १९० राहिली तर डॉक्टरांना ती सुधारायला वेळ मिळतो. ती ३५ वर गेली तर मेंदूला वेळ मिळत नाही, कारण मेंदूचे मुख्य इंधनच साखर. घरी साखर उतरली तर आपल्याला घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते, आपण लगेच गूळ-साखर तोंडात टाकतो. व्हेंटिलेटरवर झोपेचे औषध देऊन ठेवलेला माणूस काय सांगणार? त्याच्याकडे धोक्याची घंटाच नाही. म्हणून त्याला कड्यापासून चार हात दूर ठेवायचे.

शिवाय मोजण्यातही चूक असतेच. शॉकमधल्या रुग्णाच्या बोटात रक्त नीट पोहोचत नाही, हात सुजलेले असतात. रक्त कमी असेल तर ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. म्हणजे साखर खाली असताना यंत्र म्हणते, ठीक आहे! म्हणून अत्यवस्थ रुग्णात बोट टोचण्याऐवजी धमनीत बसवलेल्या नळीतून रक्त घेऊन तपासणे जास्त भरवशाचे. आता विचार करा, ज्या मापनात दहा-पंधराचा फरक पडू शकतो, त्याच्या आधाराने ८० वर गाडी उभी करायची म्हणजे किती धोका!

इन्सुलिन देण्याची पद्धतही समजून घ्या. आयसीयूत ते बहुधा सिरिंज पंपातून शिरेत देतात. पुष्कळ ठिकाणी ५० मिलिलिटर सलाईनमध्ये ५० युनिट साधे इन्सुलिन घालतात, म्हणजे एका मिलिलिटरला एक युनिट, हिशोब सोपा. शिरेतले इन्सुलिन काही मिनिटांतच निघून जाते, त्यामुळे डोस झटपट कमीजास्त करता येतो. पण त्याचा साखरेवरचा परिणाम थोडा मागाहून दिसतो. म्हणून सुरुवातीला दर तासाला तपासणी, आकडा स्थिर झाला की दोन ते चार तासांनी. त्यासोबत पोटॅशियमवरही नजर, कारण इन्सुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलते आणि ते फार कमी झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात. रात्री दोन वाजता तुम्ही काचेतून पाहता की सिस्टर पुन्हा रक्त काढते आहे, तेव्हा हे सगळे चाललेले असते.

माझ्या वडिलांचे सांगतो. अण्णा ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, अठरा वर्षांपासून मधुमेह. इथे बिलासपूरला आमच्याकडेच असतात. न्यूमोनिया होऊन ते पाच दिवस व्हेंटिलेटरवर होते. दाखल करताना डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, औषधे कोणती? सौभाग्यवतींनी कपाटाच्या दारावर एक यादी चिकटवून ठेवलेली होती, ती काढून आम्ही सोबत नेली होती. त्यात डापाग्लिफ्लोझिन हे नाव होते. ते वाचताच डॉक्टरांनी कीटोनची तपासणी करायला सांगितली. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते त्या गोळ्या मधुमेहावर चांगल्या आहेत, पण मोठ्या आजारात, उपासमारीत त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकते, आणि साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने ते लक्षात येत नाही. अण्णांच्या रक्तात कीटोन वाढू लागलेलेच होते. वेळीच कळले, उपचार सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी अमरावतीहून ताईचा फोन. "घरी अण्णांची शुगर १२० असायची, तिथे १७० कशी? लक्ष देत नाहीत का?" तिची काळजी खरीच होती. डॉक्टरांनी मला तासातासाची नोंद असलेला तक्ता दाखवला. आमच्या डेटा लॉगरच्या कागदासारखाच. त्यात मध्यरात्रीनंतरची एक ओळ होती. स्कॅनसाठी न्यायचे म्हणून नळीतून जाणारे अन्न थांबवले होते, आणि १५० ची साखर दीड तासात ९२ वर आली होती. सिस्टरने पंप बंद केला, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, ८४. ग्लुकोज दिले, साखर वर आली. अण्णा गाढ झोपेत, कपाळावर घामाचा थेंब नाही. ताईला मी एवढेच विचारले, "सुरुवातच ११० पासून झाली असती, तर त्या दीड तासात ती कुठे जाऊन पोहोचली असती?" फोनवर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ती म्हणाली, "राहू दे १७०." अण्णा एकोणिसाव्या दिवशी घरी आले. आज ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत.

आता कामाचे. आपण काय करायचे?

पहिले, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची औषधांची यादी आजच लिहा. गोळीचे पूर्ण नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, शेवटची कधी घेतली. "एक पांढरी गोळी सकाळी" याने डॉक्टरांना काही कळत नाही. स्टेरॉइड, आयुर्वेदिक काढे, कुणी दिलेल्या पुड्या, सगळे लिहा. लाजू नका.

दुसरे, इन्सुलिन घेत असाल तर बाटली किंवा पेन सोबत न्या. आपल्याकडे ४० युनिटची बाटलीही मिळते आणि १०० युनिटचीही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. ४० च्या सिरिंजने १०० चे इन्सुलिन ओढले तर डोस अडीचपट होतो. हे घरीसुद्धा लक्षात ठेवा.

तिसरे, आयसीयूत किंवा वॉर्डात आपल्या मनाने काही देऊ नका. नेहमीची मधुमेहाची गोळी गुपचूप देऊ नका. मेटफॉर्मिनसारखी गोळी मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असताना घातक ठरू शकते, म्हणूनच डॉक्टरांनी ती थांबवलेली असते. बाप्पाचा प्रसाद कपाळाला लावा, उशाशी फूल ठेवा, पण पेढ्याचा कण तोंडात घालायचा तर आधी सिस्टरला विचारा.

चौथे, प्रश्न जरूर विचारा, पण योग्य ते. "आज शुगर किती?" एवढ्यावर थांबू नका. "आज साखर कोणत्या पट्ट्यात ठेवायची आहे? २४ तासांत ७० च्या खाली गेली का? अन्न थांबले तर इन्सुलिनचे काय करता?" हे तीन प्रश्न नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात.

पाचवे, आयसीयूतून बाहेर आल्यावर. पंप बंद होऊन त्वचेखालच्या इंजेक्शनवर येताना लांब पल्ल्याचे इन्सुलिन पंप थांबवण्याच्या साधारण दोन तास आधी देतात, मध्ये खंड पडू नये म्हणून. घरी सोडताना कोणती जुनी गोळी पुन्हा सुरू करायची, कोणती बंद, हे लिहून घ्या. ज्यांना मधुमेह नव्हता पण आयसीयूत साखर वाढली, त्यांची एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करून घ्या. मात्र नुकतेच रक्त चढवले असेल तर तो आकडा फसवा असतो, हे डॉक्टरांना आठवण करून द्या. कुणाचा मधुमेह आधीपासून लपलेला असतो, कुणाची साखर आजारासोबत उतरते. दोघांनाही पुढे वर्षातून एकदा तपासणी हवीच.

मित्रहो, आपण इथे गावापासून दूर राहतो. नागपूर, अमरावती, पुण्याचे नातेवाईक गाडी पकडून येईपर्यंत रात्र उलटते. त्या रात्री आयसीयूच्या दाराशी आपल्यासोबत शेजारचा तिवारी, स्टोअरचा राव आणि मंडळाची मंडळीच असतात. म्हणून समितीला माझी विनंती आहे की, औषधांच्या यादीचा एक पानी नमुना छापून प्रत्येक घरी द्यावा, मराठी असो वा नसो. त्यावर माणसाचे नाव, रक्तगट, आजार, औषधे, कशाची ॲलर्जी आणि मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांचे फोन नंबर असावेत. छपाईचा यंदाचा खर्च मी आनंदाने उचलतो. आरतीच्या वेळी ताटासोबत ते कागदही फिरवू.

 सर्वांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, अशी विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!